बॅटरीचे वार्धक्य

मृगाच्या दोनतीन सरी नुकत्याच पडून गेल्या होत्या. दीड महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरली होती आणि मुलांच्या किलबिलाटाने शाळेचे आवार गजबजून गेले होते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, काळ्या मातीच्या शिवारात वसलेल्या एका खेड्यातील ही शाळा. शाळा लहान, पण गावाला तिचा अभिमान मोठा. तीन वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी लोकवर्गणी जमवून शाळेला बारा टॅब घेऊन दिले होते. कोणी हजार रुपये दिले, कोणी शंभर दिले. सातवीत शिकणाऱ्या एका मुलीच्या आईने तर कापूस वेचणीची एका दिवसाची सारी मजुरी आणून गुरुजींच्या हाती ठेवली होती.

प्रार्थना आटोपल्यावर गुरुजींनी कोपऱ्यातील खोली उघडली. या खोलीवर पत्र्याचे छप्पर होते, आणि तीत एक लोखंडी कपाट होते. टॅब त्या कपाटात ठेवले जात. मुले उत्सुकतेने भोवती गोळा झाली. परंतु कपाटातील दहा टॅब बाहेर काढले तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले. चार टॅब काही केल्या सुरू होईनात. चार सुरू झाले. पण अर्धा तासही न चालता बंद पडले. उरलेल्या दोहोंची पाठ तर फुगून आली होती आणि त्यांची काच एका कडेने उचलली गेली होती. सुट्टीत कामासाठी म्हणून गुरुजींनी दोन टॅब आपल्या घरी नेले होते; तेवढे दोन मात्र पूर्वीप्रमाणेच चालत होते.

ज्या मुलीच्या आईने मजुरी दिली होती, ती मुलगी बराच वेळ त्या फुगलेल्या टॅबकडे पाहत उभी राहिली. मग ती म्हणाली, “गुरुजी, सुट्टीत या कपाटाला कोणी हातसुद्धा लावला नाही. आम्ही ते वापरले नाहीत, पाडले नाहीत, भिजवले नाहीत. मग ते बिघडले कसे?”

गुरुजी क्षणभर गप्प राहिले. नंतर ते म्हणाले, “तुझा प्रश्न फार चांगला आहे. वापराने वस्तू झिजते हे आपण सारे जाणतो. परंतु काही वस्तू अशा आहेत की त्या नुसत्या पडून राहिल्या तरी म्हाताऱ्या होतात. बॅटरी ही त्यांपैकी एक. याचे उत्तर समजून घ्यायचे, तर येत्या शनिवारी आपण पाणचक्की पाहून येऊ.”

बॅटरीचा आणि पाणचक्कीचा काय संबंध, हे मुलांना कळेना. पण सहलीचे नाव ऐकून सगळे आनंदले.

शनिवारी मुले शहरात पोहोचली. पाणचक्की खाम नदीच्या काठी आहे. ती अठराव्या शतकात बांधली गेली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून जमिनीखालून येथवर आणले आहे आणि ते उंचावरून हौदात पडते. पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर खालचे चक्र फिरे, त्याबरोबर जाते फिरे, आणि यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी व शिपायांसाठी तेथे पीठ दळले जाई.

हौदाच्या काठावर बसल्यावर गुरुजींनी विचारले, “जाते कशाने फिरत असे?”

“पाण्याने,” मुले म्हणाली.

“मग या हौदात एवढे पाणी साठले आहे, ते जाते का फिरवीत नाही?”

“कारण ते खाली येऊन पोहोचले आहे,” एक मुलगा म्हणाला. “वरून खाली येताना ते काम करते.”

“बरोबर. आणि हेच पाणी पुन्हा कामाला लावायचे असेल तर?”

“ते पुन्हा वर चढवावे लागेल.”

“आता आणखी एक प्रश्न. ज्या खापराच्या नळांतून पाणी येते, त्यांत वर्षानुवर्षे गाळ आणि क्षार साचत गेले तर काय होईल?”

“पाणी कमी येईल आणि दळण मंदावेल,” ती मुलगी म्हणाली.

“म्हणजे चक्र मोडलेले नाही, जाते झिजलेले नाही, तरी काम मात्र कमी झाले. एवढे लक्षात ठेवा. सोमवारी ते उपयोगी पडेल.”

सोमवारी गुरुजी वर्गात आले ते हातात एक पेन्सिल घेऊनच. “पेन्सिलीच्या आत जे काळे असते त्याला आपण शिसे म्हणतो,” ते म्हणाले, “पण ते शिसे नसते. ते असते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळातील एक पदार्थ. ग्रॅफाइटची रचना वहीच्या पानांसारखी असते. पातळ पातळ थर एकावर एक रचलेले. आपल्या टॅबच्या बॅटरीत तांब्याच्या पातळ पत्र्यावर याच ग्रॅफाइटचा लेप दिलेला असतो. समोर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दुसऱ्या एका संयुगाचा लेप असतो. त्यात कोबाल्ट, निकेल, मँगनीज किंवा लोखंड यांसारखे धातू असतात. दोहोंच्या मध्ये बारीक छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि या साऱ्यात एक द्रव मुरलेला असतो. या द्रवातून इकडून तिकडे प्रवास करतात ते लिथियमचे विद्युत्भारित कण. त्यांना आयन म्हणतात. लिथियम हा सर्व धातूंत हलका धातू; म्हणूनच एवढीशी बॅटरी एवढे काम करू शकते.

“बॅटरी भरताना आपण विजेच्या जोराने हे आयन ग्रॅफाइटच्या थरांत नेऊन बसवतो. पाणी वर चढवण्यासारखेच ते काम. टॅब वापरू लागलो की तेच आयन द्रवातून समोरच्या घरी परत जातात, आणि त्याच वेळी बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन धावतात. ते इलेक्ट्रॉन तुमच्या पडद्यावर चित्र उमटवतात. पाणी खाली आले. आता पुन्हा वर चढवा! ही ये-जा शेकडो वेळा करता येते. म्हणून ही बॅटरी पुन्हा पुन्हा भरता येते.”

ही युक्ती काही एका दिवसात सापडली नाही. १९७० नंतरच्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम आयनांना थरांच्या आत बसवता येते हे दाखवून अशी पहिली बॅटरी केली. १९८० साली जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्टचे संयुग वापरून तिचा विद्युत्दाब वाढवला. १९८५ साली जपानमधील अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम वगळून सुरक्षित बॅटरीचा नमुना तयार केला. १९९१ साली सोनी या जपानी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. इतक्या उतारवयात नोबेल पारितोषिक मिळालेली दुसरी व्यक्ती नाही.

“मग बॅटरी म्हातारी का होते?” मुलांनी विचारले.

“दूध तापवून ठेवले की त्यावर काय धरते?”

“साय!”

“ग्रॅफाइटवरही तशीच साय धरते. बॅटरी कारखान्यात पहिल्यांदा भरतात तेव्हाच द्रवाचा थोडा भाग ग्रॅफाइटपाशी विघटित होऊन तिच्यावर एक अतिशय पातळ थर बसतो. हा थर वाईट नाही. तो नसता तर द्रव सारखा विघटित होत राहिला असता. परंतु ही साय हळूहळू जाड होत जाते. ती तयार होताना काही लिथियम तिच्यात कायमचे अडकते, आणि जे अडकले ते पुन्हा कामाला येत नाही. शिवाय साय जाड झाली की आयनांची वाट अवघड होते. खापराच्या नळांत साचलेला गाळ आठवा. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की बॅटरी वापरली नाही तरी ही साय वाढतच असते.”

ती मुलगी एकदम म्हणाली, “म्हणजे कपाटात ठेवलेल्या टॅबमध्येही ती वाढत होती!”

“होय. तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुला मिळाले. उरलेले अर्धे पुढे येईल.

“वार्धक्याचे दुसरे कारण तुम्ही दर वर्षी आपल्या शेतात पाहता. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. आयन आत शिरले की ग्रॅफाइट सुमारे एक दशांशाने फुगते. ते निघून गेले की पुन्हा आकसते. हे शेकडो वेळा झाले की लेपाच्या बारीक कणांना तडे जातात. प्रत्येक नव्या तड्यावर पुन्हा नवी साय धरते आणि आणखी लिथियम अडकते. हे वार्धक्य वापरामुळे येते.

“तिसरे कारण घाईचे. एस.टी. थांब्यावर आली आणि सारी माणसे एकाच वेळी दाराशी घुसली तर काय होते? आतल्या जागा रिकाम्या असतात आणि दारात मात्र खेटाखेटी होते. बॅटरी फार वेगाने भरली, किंवा कडाक्याच्या थंडीत भरली, तर आयनांना थरांत शिरायला सवड मिळत नाही. ते ग्रॅफाइटच्या बाहेरच धातू होऊन बसतात. असे लिथियम बहुधा वाया जाते. पुढे त्याचे सुईसारखे कोंब वाढले तर ते मधला पडदा भेदून धोकाही उत्पन्न करू शकतात. म्हणून शून्य अंशाखालील थंडीत ही बॅटरी भरू नये असा नियम आहे. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. पण लडाखमध्ये पहारा देणाऱ्या जवानांना हे ध्यानात ठेवावे लागते.”

यानंतर गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण मांडले. “समजा, एका बॅटरीत लिथियमचे १०,००० कण आहेत. बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरली की एक फेरी झाली. आज अर्धी वापरून भरली आणि उद्या पुन्हा अर्धी वापरून भरली, तर दोन्ही मिळून एकच फेरी. आता प्रत्येक फेरीत दर हजार कणांमागे एक कण अडकला, तर १,००० फेऱ्यांनंतर किती कण उरतील?”

मुलांनी बरेच अंदाज केले. गुरुजींनी गणकयंत्रावर हिशेब करून उत्तर लिहिले: सुमारे ३,६७७. “म्हणजे बॅटरी निकामीच झाली. आता हानी आणखी कमी करू. दर दहा हजार कणांमागे दोनच कण अडकतात असे धरू.” उत्तर आले सुमारे ८,१८७.

“पाहिलेत? एका फेरीत हानी एवढी लहान की ती कोणाच्या लक्षातही येऊ नये. पण हजार फेऱ्यांनी दोहोंत केवढे अंतर पडले! थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही. मूळ क्षमतेच्या शेकडा ८० एवढीच क्षमता उरली, की बॅटरी बहुधा उतारवयाची झाली असे मानतात. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम केला आहे की नव्या फोनच्या बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतरही निदान एवढी क्षमता टिकवली पाहिजे.”

“आता उरलेले अर्धे उत्तर,” गुरुजी म्हणाले. “वैशाखात सकाळचे दूध दुपारपर्यंत नासते, पौषात ते संध्याकाळपर्यंत टिकते. असे का?”

“उन्हाळ्यात उष्णता जास्त असते म्हणून.”

“उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली या संबंधाचे गणित मांडले. ढोबळ मानाने असे म्हणतात, की तापमान दहा अंशांनी वाढले तर पुष्कळशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. २५ अंशांवर साय जेवढी वाढेल, त्याच्या दुप्पट ३५ अंशांवर वाढेल आणि चौपट ४५ अंशांवर. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाट तर त्याहूनही तापते. म्हणजे दिवसरात्र तेवढीच उष्णता राहिली असे धरले, तर दीड महिन्याची सुट्टी त्या टॅबना सहा महिन्यांइतकी झाली! असे तीन उन्हाळे त्यांनी काढले. मी घरी नेलेले दोन टॅब मात्र जाड भिंतींच्या माळवदाच्या घरात होते. तेथे दुपारीही गारवा असतो.”

“पण गुरुजी,” एक मुलगा अडखळत म्हणाला, “सुट्टी लागताना मी सहा टॅब पूर्ण भरून ठेवले होते. भरलेले असलेले बरे, असे मला वाटले.”

“आणि बाकीचे चार तसेच रिकामे ठेवले गेले,” गुरुजी म्हणाले. “यात तुझी एकट्याची चूक नाही. कपाटाची जागा मीच ठरवली होती आणि तुम्हांला हे आधी सांगायला हवे होते, तेही मीच राहून दिले. दोन्ही टोके वाईट असतात. का, ते ऐका.

“पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या एका घटाचा विद्युत्दाब साधारणपणे ४.२ व्होल्ट असतो. एवढ्या दाबाखाली आतला द्रव अधिक लवकर विघटित होतो, साय वेगाने वाढते आणि कधी कधी वायूही तयार होतो. त्याच वायूने ते दोन टॅब फुगले. तंबोऱ्याच्या तारा वाजवून झाल्यावर सैल करतात, त्या तशाच ताणून ठेवीत नाहीत. तसेच हे.

“उलट, अगदी रिकामी बॅटरी ठेवून दिली, तर तीत उरलेली थोडीशी वीजही हळूहळू आपोआप कमी होते. दाब ठरावीक मर्यादेच्या फार खाली गेला की तांब्याचा पत्राच द्रवात विरघळू लागतो. अशी बॅटरी पुन्हा भरणे धोक्याचे असते, म्हणून तिच्यातील संरक्षक यंत्रणा ती भरूच देत नाही. ते चार टॅब म्हणून सुरू झाले नाहीत. मी नेलेले टॅब निम्मे भरलेले होते. जागा थंड आणि बॅटरी निम्मी भरलेली, एवढ्या दोन गोष्टींनी ते वाचले.”

वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “माझे आजोबा सांगतात की बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय भरायला लावू नये. ते चूक आहे का?”

“आजोबांच्या काळी ते बरोबर होते,” गुरुजी हसून म्हणाले. “पूर्वी निकेल आणि कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. अर्धवट वापरून त्या वारंवार भरल्या तर त्यांना जणू तेवढ्याच कामाची सवय लागे. लिथियमच्या बॅटरीला ती खोड नाही. तिला उलट थोडे थोडे वापरून थोडे थोडे भरणेच मानवते.”

त्यानंतर मुलांनी आणि गुरुजींनी मिळून काही नियम ठरवले व ते वहीत लिहून घेतले.

बॅटरी रोजच्या वापरात शेकडा २० च्या खाली फारशी जाऊ देऊ नये, आणि गरज नसेल तर शेकडा ८० च्या वर भरू नये. गरज असेल त्या दिवशी पूर्ण भरावी. पण भरल्यावर लवकर वापरावी. पुष्कळ फोनमध्ये शेकडा ८० वर भरणे थांबवण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. फोन उशीखाली, गोधडीत किंवा उन्हात ठेवून भरू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो ठेवू नये, कारण आतली हवा बाहेरच्या हवेहून वीस अंशांनीही अधिक तापू शकते. भरताना फोन फार तापला तर त्याचे जाड आवरण काढावे आणि त्यावर खेळ खेळत बसू नये. घाई नसेल तेव्हा सावकाश भरावे. पुष्कळ दिवस ठेवून द्यायचे असेल तर निम्मी भरून, यंत्र बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि दोनतीन महिन्यांनी एकदा पाहावे.

“शहरात विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि रिक्षा दिसतात, त्यांचेही असेच असते का?” एका मुलीने विचारले.

“मूळ तत्त्व तेच,” गुरुजी म्हणाले. “आपल्या शहराचा तर या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हाची, २०२२ सालची गोष्ट. येथील उद्योजकांनी ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ नावाची मोहीम काढली आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी एकत्रितपणे विकत घेण्याचे ठरवले. पुढे २०२४ साली एथर एनर्जी या कंपनीने ऑरिक औद्योगिक वसाहतीतील बिडकीन येथे विजेच्या दुचाकी आणि त्यांच्या बॅटऱ्या बनवण्याचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. बिडकीन आपल्याच पैठण रस्त्यावर आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी तेथे काम करील.

“मोटारीच्या बॅटरीत असे अनेक घट एकत्र जोडलेले असतात. पुष्कळ मोटारींत त्यांना थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवलेला असतो, आणि घट अगदी काठोकाठ भरू नयेत किंवा अगदी रिते होऊ नयेत याची काळजी यंत्रच घेते. तरीही गाडी सावलीत उभी करावी आणि उन्हातून आल्याबरोबर लगेच भरायला न लावता तिला थोडे निवू द्यावे. गाडीच्या बॅटऱ्यांचे प्रकारही वेगवेगळे असतात. लोखंड आणि फॉस्फेटच्या संयुगाची बॅटरी अधिक फेऱ्या सोसते, आणि काही गाड्यांत ती अधूनमधून पूर्ण भरायला सांगितलेले असते. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचावी. जो माणूस कर्ज काढून विजेची रिक्षा घेतो, त्याच्या रिक्षेतील फार महाग वस्तू म्हणजे बॅटरी. ती दोन वर्षे अधिक टिकली तर त्याच्या मुलांची दोन वर्षांची फी निघते.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी आठ टॅब घेऊन शहरातील पैठण दरवाजापाशी गेले. तेथील एका जाणत्या कारागिराने त्यांत नव्या बॅटऱ्या बसवून दिल्या. त्यासाठी ग्रंथालयाकरिता राखून ठेवलेले सारे पैसे खर्च झाले. त्या वर्षी शाळेत नवी पुस्तके आली नाहीत. ही गोष्ट गुरुजींनी मुलांपासून लपवली नाही.

फुगलेल्या दोन टॅबना मात्र गुरुजींनी कोणाला हात लावू दिला नाही. “फुगलेली बॅटरी कधी दाबू नये, टोचू नये, भरायलाही लावू नये,” त्यांनी बजावून सांगितले. “आतला द्रव पेट घेणारा असतो. मधला पडदा फाटला तर क्षणात आग लागते. अशी वस्तू दिसली तर मोठ्या माणसांना सांगावे.” जुन्या बॅटऱ्या त्यांनी घरच्या कचऱ्यातही टाकल्या नाहीत. २०२२ साली भारत सरकारने बॅटरी कचऱ्याविषयी नियम केले असून, वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी बॅटऱ्या बाजारात आणणाऱ्यांवर टाकली आहे. लिथियमसाठी आपला देश आज परदेशांवर अवलंबून आहे. खाणीतून धातू काढायला पुष्कळ पाणी, श्रम आणि पैसा लागतो. म्हणून एक बॅटरी अधिक काळ टिकवणे म्हणजे तेवढे सारे वाचवणेच होय.

वर्ष सरले. एप्रिल महिना संपत आला तेव्हा मुलांनी कपाट पत्र्याच्या खोलीतून हलवून दगडी इमारतीच्या उत्तरेकडील खोलीत नेले. त्या मुलीने प्रत्येक टॅबचा आकडा पाहिला, जो अधिक भरलेला होता तो थोडा वापरून घेतला, जो कमी होता तो थोडा भरला, आणि सर्व टॅब शेकडा ५० च्या आसपास आणून बंद केले. कपाटाच्या दाराला आतून तिने एक कागद चिकटवला. त्यावर तिच्या सुवाच्य अक्षरात तीनच शब्द होते: ‘थंड, कोरडे, निम्मे.’

जूनमध्ये शाळा उघडली. मुले पुन्हा कपाटाभोवती गोळा झाली. या वेळी तिची आईही कामावर जाता जाता क्षणभर दारात थांबली होती. गुरुजींनी किल्ली त्या मुलीच्या हाती दिली. तिने कपाट उघडले, पहिला टॅब उचलला आणि बटण दाबले. पडदा उजळला. कोपऱ्यात आकडा उमटला होता: ४६.

“सुरू झाला का ग?” आईने दारातून विचारले.

“झाला,” ती म्हणाली, आणि तिने दुसरा टॅब हातात घेतला.

अभ्यास

१. सुट्टीत कोणी हात लावला नसतानाही टॅब का बिघडले? दोन कारणे सांगा.

२. पाणचक्की आणि बॅटरी यांत कोणते साम्य गुरुजींनी दाखवले?

३. दुधावरची साय, काळी माती आणि एस.टी.चे दार या तीन उदाहरणांनी बॅटरीच्या वार्धक्याची कोणती कारणे स्पष्ट होतात?

४. “थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही,” असे गुरुजी का म्हणाले? फळ्यावरील उदाहरणाच्या आधारे लिहा.

५. गुरुजींनी आपली चूक मुलांसमोर कबूल केली. त्यावरून त्यांच्या स्वभावाविषयी तुम्हांला काय वाटते?

६. तुमच्या घरातील बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंची यादी करा. त्या कोठे ठेवल्या जातात व कशा भरल्या जातात ते पाहा, आणि कोणती सवय बदलता येईल ते घरच्यांशी बोलून ठरवा.